वूलवर्थ्स–क्वांटास की कोल्स–व्हेलॉसिटी : किराण्याचे पॉइंट विमानाकडे वळवावेत का?

आठवडी_बाजार

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना विचारतेय. घरात सुपरमार्केटची दोन पॉइंट-कार्डं आहेत, वूलवर्थ्सचं एव्हरीडे रिवॉर्ड्स आणि कोल्सचं फ्लायबाय. दोन्हीकडे मिळून आठवड्याला साधारण २०० डॉलरचं सामान येतं. २००० पॉइंट झाले की बिलातून १० डॉलर वजा, एवढाच वापर आजवर केला. आता दोन्ही ॲप मागे लागली आहेत की पॉइंट क्वांटास विमान कंपनीकडे वळवा, व्हेलॉसिटीकडे (व्हर्जिन ऑस्ट्रेलियाची पॉइंट योजना) वळवा.

प्रश्न असे. वळवण्यात खरंच काही फायदा आहे का? दोन्हीकडे थोडे थोडे साठवावेत की एकाच ठिकाणी? आणि एक किरकोळ वाटणारी पण अडलेली गोष्ट : एव्हरीडे रिवॉर्ड्सवर लग्नानंतरचं नाव आहे, पासपोर्टवर माहेरचं. क्वांटासचं खातं अजून उघडलेलं नाही. कुठलं नाव कुठे घालायचं?

'पॉइंटवर फुकटात मुंबई' छाप उत्तरं नकोत. आकडे द्या.

हिशोबनीस

आकडेच देतो. दोन्ही दुकानांत मूळ दर सारखा आहे, एका डॉलरला एक पॉइंट. २००० पॉइंटचे १० डॉलर किंवा १००० क्वांटास पॉइंट. फ्लायबायचंही तेच, २००० चे १० डॉलर किंवा १००० व्हेलॉसिटी पॉइंट.

म्हणजे १००० हवाई पॉइंट घ्यायचे तर तुम्ही हातातले १० डॉलर सोडता. एक पॉइंट एका सेंटला पडला. बक्षीस वगैरे काही नाही, ही सरळ खरेदी आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की एका सेंटला घेतलेला पॉइंट तुम्ही एका सेंटपेक्षा जास्त भावाला खर्च करू शकता का.

तो भाव काढायची रीत : त्याच विमानाचं, त्याच दिवसाचं रोख तिकीट बघा. त्यातून रिवॉर्ड तिकिटावर, म्हणजे पॉइंट देऊन काढलेल्या तिकिटावर, रोख भराव्या लागणाऱ्या कर-शुल्काची रक्कम वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागा. सिडनी–मेलबर्न इकॉनॉमीच्या क्लासिक रिवॉर्डला (ठरावीक पॉइंटांत मिळणारी सीट) क्वांटास ऑगस्ट २०२५ पासून एका बाजूचे ९,२०० पॉइंट घेते. समजा रोख तिकीट १९० आणि रिवॉर्डवरचं शुल्क ५० आहे. १४० भागिले ९,२००, म्हणजे दीड सेंटच्या आसपास. वळवणं फायद्याचं. तेच रोख तिकीट सेलमध्ये १२० ला मिळत असेल तर ७० भागिले ९,२००, पाऊण सेंट. सपशेल तोटा, १० डॉलरची सूटच बरी होती.

सगळ्यात वाईट वापर म्हणजे क्वांटासच्या दुकानातून पॉइंट देऊन गिफ्ट कार्ड किंवा मिक्सर घेणं. तिथे पॉइंटला साधारण अर्धा सेंट सुटतो. वूलवर्थ्सचे १० डॉलर देऊन ५ डॉलरचं कार्ड घरी आणल्यासारखं झालं, आणि हे करणारे थोडेथोडके नाहीत. 'पॉइंट्स प्लस पे' म्हणजे काही पॉइंट, काही रोख असा जो पर्याय तिकीट काढताना समोर येतो, त्याचा भावही एका सेंटच्या बराच खाली असतो. वळवायचेच असतील तर क्लासिक रिवॉर्ड सीटसाठी, नाहीतर नको.

आता तुमचं प्रमाण. आठवड्याला २०० म्हणजे वर्षाला १०,४०० पॉइंट. सगळी खरेदी वूलवर्थ्समध्ये केली तर २००० चे पाच टप्पे, ५,००० क्वांटास पॉइंट, ४०० शिल्लक. निम्मी-निम्मी केली तर दोन्हीकडे ५,२००, म्हणजे दोन-दोन टप्पे : २,००० क्वांटास, २,००० व्हेलॉसिटी, आणि दोन्ही कार्डांवर १,२०० अडकलेले. निव्वळ किराण्यावर सिडनी–मेलबर्नची एक बाजू निघायला एकाच खात्यातही जवळजवळ दोन वर्षं लागतात, दोन खात्यांत विभागले तर विचारूच नका. शिवाय हेच ९,२०० आधी ८,००० होते. साठवलेल्या पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट त्यांचा भाव अधूनमधून असा एकदम १३ टक्क्यांनी उतरतो.

खिडकीशेजारी

वरच्या हिशोबाशी सहमत. नावाचं मी सांगतो, कारण आपल्याकडची मंडळी हमखास तिथेच अडकतात.

क्वांटासच्या खात्यावर पासपोर्टवरचंच नाव घाला. रिवॉर्ड तिकीट खात्यावरच्या माहितीवरून निघतं आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर विमानतळावर डोकेदुखी. म्हणजे बदलायचं नाव किराण्याच्या कार्डावरचं. एव्हरीडे रिवॉर्ड्समध्ये नाव बदलणं सोपं, हवाई खात्यात बदलायचं तर कागदपत्रं मागतात. आधी किराण्याच्या कार्डावर दुरुस्ती, मग क्वांटासच्या खात्याशी जोडणी, हा क्रम उलटा करू नका. मधलं नाव हा दुसरा घोळ. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव काही पासपोर्टांवर पहिल्या नावाच्या रकान्यात चिकटून आलेलं असतं, किराण्याच्या कार्डावर मात्र नुसतं पहिलं नाव. जोडणी नाकारली गेली तर आधी तेच तपासा. जन्मतारीख हे दुसरं कारण, दिवस-महिना उलटा पडलेला असतो.

क्वांटासचं सभासदत्व थेट घेतलं तर फी आहे, ९९ डॉलर ५० सेंट. ती भरू नका. एव्हरीडे रिवॉर्ड्सच्या खात्यातून 'क्वांटास' निवडून नवीन खातं उघडायची वाट आहे, तिथून फुकट होतं. व्हेलॉसिटीला मुळात फीच नाही.

दोन्हींच्या वळवण्यात एक महत्त्वाचा फरक आहे. एव्हरीडे रिवॉर्ड्समध्ये तुम्ही बक्षिसाचा प्रकार निवडून ठेवता : १० डॉलर सूट, ख्रिसमससाठी साठवण, किंवा क्वांटास. २००० ला पोचलात की जो प्रकार निवडलेला असेल तो आपोआप लागू. त्यामुळे निवड बदलायची तर २००० व्हायच्या आधी, १,९०० वर असतानाच बदला. फ्लायबायमध्ये पॉइंट तसेच पडून राहतात आणि तुम्ही हवे तेव्हा २००० च्या टप्प्यांनी पाठवता. तिथे आपोआप पाठवायचीही सोय आहे. गेलेले पॉइंट गेल्या भावाने परत येत नाहीत, दोन्हीकडे.

एकाच घरात दोघांची वेगळी किराणा-खाती असतील तर एक बंद करून दोघांनी एकाच खात्याचं कार्ड स्कॅन करावं. हवाई खाती मात्र ज्याची त्याची. व्हेलॉसिटीत एका पत्त्यावरच्या कुटुंबाचे पॉइंट एका सभासदाकडे जमा करता येतात. क्वांटासमध्ये घरच्यांना पॉइंट फुकट पाठवता येतात, पण एका वेळी किमान ५,०००. तुमच्या प्रमाणात ते वर्षभराचे झाले, म्हणून सुरुवातीलाच ठरवा की कुणाच्या नावावर साठवायचे. तिकीट घरातल्या दुसऱ्या कुणासाठीही काढता येतं, त्यासाठी पॉइंट हलवायची गरज नसते.

निम्मा_टक्का

सगळा हिशोब बरोबर, पण मूळ दर विसरू नका. २००० डॉलर खर्चावर १० डॉलर, म्हणजे अर्धा टक्का. ऑल्डी या स्वस्त सुपरमार्केटात पॉइंटची योजनाच नाही, आणि तिथे तुमची यादी दोन टक्के जरी स्वस्त पडली तरी चौपट कमाई झाली. पॉइंट विमानाचे करायचे की बिलातल्या सवलतीचे, ही चर्चा अर्ध्या टक्क्याच्या आतली आहे.

दुसरं, ॲपमधले बूस्ट, म्हणजे जास्तीच्या पॉइंटच्या ऑफर. 'चार आठवडे दर आठवड्याला अमुक रकमेची खरेदी करा, १०,००० पॉइंट मिळवा' यांतच खरी कमाई असते, कारण १०,००० म्हणजे ५० डॉलर. पण ती रक्कम तुमच्या नेहमीच्या खर्चाच्या थोडी वर ठेवलेली असते, ते काही योगायोगाने नाही. तुमच्या मागच्या बिलांवरूनच ठरते. नेहमी १२० होणाऱ्याला १५० ची ऑफर येते. चार आठवड्यांत १२० डॉलरचं जास्तीचं सामान घेऊन ५० मिळवले तर ते सामान खरोखर लागणारं होतं का, हे ज्याचं त्याने बघावं. तांदूळ, तेल, डिटर्जंट अशा टिकणाऱ्या वस्तू पुढे ढकलून त्या आठवड्यात घेतल्या तर जमतं. भाजीपाल्यात नाही.

ऑफर फुकट जाण्याची नेहमीची कारणं : ती ॲपमध्ये सुरू केलीच नाही, म्हणजे बटण दाबायचं राहिलं. आधी खरेदी झाली, मग बटण दाबलं. रक्कम एकाच बिलात हवी होती, तुम्ही दोन बिलं केली. तंबाखू, गिफ्ट कार्ड, डिलिव्हरीचं शुल्क अशा गोष्टी बेरजेत धरतच नाहीत. आणि ऑनलाइन ऑर्डरमध्ये दोन वस्तू संपलेल्या निघाल्या, बिल १५० वरून १४६ वर आलं, महिन्याची मेहनत पाण्यात. ऑनलाइन मागवत असाल तर मर्यादेच्या वर दहा-पंधरा डॉलर ठेवाच. आठवडा कधी सुरू होतो तेही बघा. दुकानांचा कॅटलॉग बुधवार ते मंगळवार चालतो, पण ऑफरच्या तारखा वेगळ्या असू शकतात, आणि चारांतला एक आठवडा चुकला तर सहसा काहीच मिळत नाही.

अवांतर : हा अर्धा टक्का म्हणजे तुमच्या माहितीचे पैसे आहेत. इथल्या स्पर्धा आयोगाने, एसीसीसीने, डिसेंबर २०१९ मध्ये लॉयल्टी योजनांवर, म्हणजे अशा पॉइंट-कार्डांवर, मोठा अहवाल दिला. त्यात एक आक्षेप असा होता की सभासदाने लॉयल्टी कार्ड स्कॅन केलं नाही तरी काही योजना त्याचं बँकेचं कार्ड ओळखून ती खरेदी त्याच्या नावावर जोडतात. म्हणजे 'आज कार्ड दाखवत नाही' म्हणून काही लपतं असं नाही.

आठवडी_बाजार

धन्यवाद, नावाचं तर एकदम स्पष्ट झालं. अजून दोन गोष्टी. गिफ्ट कार्डांवर '२० पट पॉइंट' असं लिहिलेलं असतं, ते काय प्रकरण आहे? आणि फ्लायबाय–व्हेलॉसिटीला मध्येच '१५ टक्के जास्त' येतं, त्यासाठी थांबावं का?

हिशोबनीस

२० पट म्हणजे एका डॉलरला २० पॉइंट. १०० डॉलरच्या कार्डावर २०००, म्हणजे १० डॉलर किंवा १००० क्वांटास. थेट दहा टक्के. वर किराण्यातून वर्षाला ५,००० क्वांटास पॉइंट निघत होते, ते इथे ५०० डॉलरच्या कार्डांत एका फेरीत निघतात. ज्यांच्या खात्यात खरोखर पॉइंट साठतात ते असेच साठवतात, दूध-पावावर नाही.

अट एकच, कार्ड अशा दुकानाचं घ्या जिथे तो पैसा तसाही जाणारच होता. फ्रिज बदलायचा आहे, मुलांच्या शाळेसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, अशा वेळी आधी कार्ड, मग खरेदी. चुका कुठे होतात : ऑफर ठरावीक कार्डांवरच असते, शेजारच्या खुंटीवर टांगलेल्या तशाच दिसणाऱ्या कार्डावर नसते. एका सभासदाला किती कार्डांवर पॉइंट मिळतील याची मर्यादा बारीक अक्षरात असते. व्हिसा-मास्टरकार्डच्या सर्वसाधारण कार्डांवर वेगळी फी असते, ती दहा टक्क्यांतून वजा करा. वेष्टन फाटलेलं किंवा पिन खरवडलेला दिसला तर ते कार्ड ठेवून द्या, त्यातले पैसे आधीच गेलेले असू शकतात. पावती आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा, कारण बोनस पॉइंट उशिरा येतात आणि आले नाहीत तर पावतीशिवाय दाद लागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून विकलेल्या गिफ्ट कार्डांना कायद्याने किमान तीन वर्षांची मुदत आहे, पण दुकानच बुडालं तर मुदतीला काय चाटायचंय. म्हणून साठवून ठेवू नका, वापरून टाका.

१५ टक्क्यांसाठी माझ्या मते थांबावं. व्हेलॉसिटी ही ऑफर वर्षातून एकदोनदा आणते. २००० फ्लायबायचे १००० ऐवजी १,१५० होतात, म्हणजे पॉइंट एका सेंटऐवजी ०.८७ सेंटला पडला. फ्लायबायमध्ये पॉइंट पडून राहू शकतात आणि गरज पडली तर त्यांचे डॉलरही होतात, म्हणून ते तिथेच राहू द्या. आपोआप पाठवायची सोय चालू असेल तर बंद करा, नाहीतर ऑफर यायच्या आधीच सगळे गेलेले असतात.

खिडकीशेजारी

इथे माझं थोडं वेगळं मत. थांबायचं ते बोनससाठी नाही, सीटसाठी. व्हेलॉसिटीत रिवॉर्ड सीट शोधा, हव्या त्या तारखेला दिसली तर लागतील तेवढेच पॉइंट पाठवा आणि सीट धरा. बोनसच्या मोहात २०,००० पाठवून ठेवले आणि शाळेच्या सुट्टीत एकही सीट नाही, मग ते पॉइंट तिकडेच अडकले. मात्र पाठवलेले पॉइंट पोचायला वेळ लागू शकतो आणि तोवर सीट कुणी राखून ठेवत नाही. त्यामुळे पहिल्यांदा करताना जोडणी आधीच करून एक २००० चा टप्पा चाचणीसाठी पाठवून बघा.

पॉइंट बाद होण्याचं : क्वांटास १८ महिने, व्हेलॉसिटी २४ महिने, खात्यात काहीच हालचाल नसेल तर. किराण्यातून आलेला एक टप्पाही हालचाल धरतात, म्हणून एव्हरीडे रिवॉर्ड्सचे वर्षातून एकदा १००० जरी क्वांटासला गेले तरी मुदत पुढे सरकते. घरच्यांना पॉइंट पाठवणं मात्र क्वांटासमध्ये हालचाल धरत नाहीत.

मुंबईचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. क्वांटासची स्वतःची विमानं मुंबईला जात नाहीत. सिडनीहून बंगळुरू आहे. मुंबईसाठी त्यांच्या पॉइंटवर एमिरेट्सने दुबईमार्गे जाता येतं, पण तिथे रोख भरायची शुल्कं इतकी असतात की इकॉनॉमीत हिशोबनिसांच्या भागाकारात पॉइंटचा भाव बऱ्याचदा सेंटच्या खाली येतो. व्हेलॉसिटीचा भागीदार सिंगापूर एअरलाइन्स, तो सिंगापूरमार्गे मुंबईला उतरवतो. व्हेलॉसिटीचे पॉइंट सिंगापूरच्या क्रिसफ्लायर या मैलांच्या योजनेतही नेता येतात, पण १.५५ ला १ या दराने. २००० फ्लायबायचे १००० व्हेलॉसिटी, त्यांचे ६४५ मैल. एक मैल १.५५ सेंटला पडला. बिझनेस क्लाससाठी कुणी तसं करत असेल तर ठीक, इकॉनॉमीसाठी सेलचं रोख तिकीट काढा.

निम्मा_टक्का

एक राहिलं. 'तुमचे पॉइंट आज बाद होत आहेत, इथे क्लिक करा' असे मेसेज येतात. २०२३ मध्ये इथल्या नॅशनल अँटी-स्कॅम सेंटरने क्वांटास, कोल्स आणि टेल्स्ट्रा या फोन कंपनीच्या नावाने येणाऱ्या अशा मेसेजांबद्दल जाहीर इशारा दिला होता. लिंक दाबायची नाही, ॲप उघडून शिल्लक बघायची. आणि किराण्याच्या खात्याला इतर कुठे न वापरलेला पासवर्ड ठेवा. २००० पॉइंट म्हणजे रोख १० डॉलर, ते चोरून दुसऱ्या राज्यातल्या दुकानात खर्च करता येतात.

आठवडी_बाजार

मग असं करते : एव्हरीडे रिवॉर्ड्सवरचं नाव बदलून क्वांटासचं खातं तिथूनच उघडते, पण निवड १० डॉलरवरच ठेवते. फ्लायबायची आपोआप पाठवणी खरंच चालू निघाली, बंद केली. डिसेंबरात वॉशिंग मशीन घ्यायचं आहे, तेव्हा २० पटची वाट बघेन.

हिशोबनीस

उत्तम. फक्त २० पटचं कार्ड घ्यायच्या आधी चालू शिल्लक बघा आणि त्या पॉइंटांचं काय करायचं ते ठरवून निवड लावा. ५०० डॉलरच्या कार्डाचे १०,००० पॉइंट एकदम पडतात आणि त्या क्षणी जी निवड असेल तिकडे पाचही टप्पे जातात. मशीन ज्या दुकानातून घ्यायचं ते त्या आठवड्याच्या ऑफरमध्ये आहे ना, हेही आदल्या दिवशी कॅटलॉगमध्ये पाहून घ्या.